मायाक्काचा कापलेला कोपरा

गुणाबाई रोज सकाळी चूल पेटवायच्या आधी एक बोट घासायची. एकच. उजव्या हाताचं, अंगठ्याशेजारचं. कालची राख चिमटीत घेऊन ओली करायची आणि नखाच्या कडेपासून दुसऱ्या पेरापर्यंत घासत राहायची. मग दारात उभी राहून ते बोट उजेडाला धरायची. कालचा लाल कुठे राहिला नाही ना, एवढंच बघायचं असायचं. निपाणीतल्या त्या गल्लीत पाण्याला निघालेल्या बायका तिला तशी उभी बघून मान फिरवायच्या. पांढऱ्या कपाळाची बाई सकाळीच समोर आली याचा राग होताच, त्यात ते बोट. एखादी पुटपुटायची, "निघाली बघ कात्री. आज कुठल्या देवाचा कान कापतीय कुणास ठावं."

कात्री हे गावानं तिला दिलेलं नाव. ती ते ऐकायची आणि राखेचा हात झटकून आत जायची.

गुणाबाई मूळची बेळगावजवळच्या शहापूरची. तिथल्या विणकर गल्लीत तिचे वडील साड्यांचं सूत रंगवायचे. दोन्ही बाजूंना मागांची खटखट आणि मधल्या गटारात कधी निळं, कधी लाल पाणी. लहानपणी तिचे पाय घोट्यापर्यंत कायम कुठल्या तरी रंगाचे असायचे. वडील वाळलेलं सूत पुढे करून विचारायचे, "टिकंल का ह्यो?" ती बोट ओलं करून सुतावर फिरवायची आणि सांगायची. चुकली तर तीच लड पाठीवर बसायची. त्यामुळे ती फारशी चुकत नसे, आणि चुकणाऱ्यांविषयी तिला दया वाटत नसे. जर्मनीहून येणारा डब्यातला लाल कसा असतो आणि इकडचा घरगुती लाल कसा, हे तिला वाचायला येण्याआधी कळत होतं. वाचायला ती पुढेही शिकली नाही.

लग्न होऊन निपाणीला आली. नवरा तंबाखूच्या वखारीत पोती उचलायचा. एका वर्षी प्लेग आला, त्यात तो गेला. मूल नव्हतं. सासरच्यांनी तिला मागची एक खोली दिली आणि बोलणं बंद केलं. तीही वखारीत जाऊ लागली, तपकिरीच्या पुड्या बांधायला.

वखारीचे मालक पायगोंडाआण्णा जैन होते. स्वतः तंबाखूला शिवत नसत. पण धंद्यात डोकं चालायचं. पहिल्या महायुद्धाच्या थोडं आधी त्यांनी तपकिरीच्या प्रत्येक पुडीत एक रंगीत चित्र घालायला सुरुवात केली. पत्त्यांच्या पानाएवढं, जाड कागदाचं, मागून कोरं. एकूण बारा देवस्थानं. कोल्हापूरची अंबाबाई, सौंदत्तीची यल्लम्मा, डोंगरावरचा ज्योतिबा, चिंचलीची मायाक्का, असे. आपल्या तीर्थंकरांचं चित्र तपकिरीच्या पुडीत घालायला मात्र त्यांनी साफ नकार दिला. "गिऱ्हाइकांचे देव चालतील," म्हणाले.

बाराही चित्रं जो आणून दाखवील त्याला शिवणाचं मशीन बक्षीस होतं. ते दुकानात उंच फळीवर हार घालून ठेवलेलं होतं. अकरा चित्रं कुणालाही मिळायची. बारावं, मायाक्काचं, आण्णा छापील तक्त्यातून वेगळं कापून लोखंडी पेटीत ठेवायचे आणि पुड्यांमध्ये फार थोडी सोडायचे. सगळा मुलूख मायाक्काच्या मागे लागला. ज्यांनी जन्मात तपकीर ओढली नव्हती तेही पुड्या फोडू लागले. बायका दाताला मिश्रीऐवजी तपकीर लावू लागल्या.

ही पहिली छपाई मुंबईला झाली होती. शिळाछाप, म्हणजे सपाट दगडावर चित्र काढून त्यावरून उठवलेले ठसे. लढाई सुरू झाली तशी जर्मन शाई बंद झाली आणि मुंबईच्या छापखान्यानं हात वर केले. आण्णांनी आपले दगड आगगाडीनं बेळगावला आणले, उरलेला कागद आणला, आणि तिथल्या एका छापखान्यात दुसरी छपाई करून घेतली. त्याच सुमारास ते श्रवणबेळगोळला यात्रेला गेले. छापखान्यानं बाराही चित्रं सारखी कापून, एकत्र मिसळून, पोत्यांत भरून पाठवली. धाकटे भाऊ नेमिनाथ वखारीत होते. त्यांना पेटीचं गुपित कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी पोती बायकांपुढे ओतली आणि म्हणाले, "भरा."

आण्णा यात्रेहून आले तेव्हा दुकानापुढे माणसं उभी होती. प्रत्येकाच्या हातात मायाक्का.

तेव्हा त्यांनी दवंडी दिली, की लढाईच्या आधीच्या छपाईचाच संच चालेल. ती छपाई कोणती हे त्यांना स्वतःलाही ओळखता येत नव्हतं. दगड तोच, कागद तोच. दोन मायाक्का शेजारी ठेवून ते डोळे चोळत बसले होते, तेव्हा पुड्या बांधणाऱ्या बायकांतून गुणाबाई उठून आली. तिनं बोट जिभेला लावलं आणि दोन्ही चित्रांवरून फिरवलं.

"ही आधीची. हिचा लाल जर्मनचा, उतरत न्हाय," ती म्हणाली. "ही मागनं छापलेली. बघा, बोटाला आला."

दुसऱ्या दिवसापासून वखारीच्या सोप्यात एक टेबल मांडलं गेलं. त्यावर पाण्याची वाटी आणि कात्री. दुसऱ्या छपाईचं चित्र परत फिरून येऊ नये म्हणून त्याचा उजवा कोपरा तिथेच कापून टाकायचा, असा आण्णांचा हुकूम होता.

त्या टेबलाशी गुणाबाई जशी बसली तशी ती आधी कुठेच बसली नव्हती. पाठ ताठ. सकाळपासून रांग लागायची. चिकोडीहून, संकेश्वरहून, गडहिंग्लजकडून माणसं चालत यायची. ती चेहरे बघायचीच नाही. ज्योतिबाच्या घोड्याखाली निळसर सावली असली तर आधीची, नसली तर नंतरची. यल्लम्माच्या साडीतला हिरवा गवतासारखा की शेवाळासारखा, तेवढं बघायचं. मायाक्काच्या चित्रात मात्र लाल, पिवळा आणि काळा एवढेच रंग होते. तिथे फक्त बोट.

"मागनं छापलेली," ती म्हणायची. कच्. "पुढचा."

"अवं बाई, नीट बघा तरी. माझ्या आज्जीनं जपून ठेवलेली."

"समद्यांच्या आज्ज्या जपूनच ठिवत्यात. पुढचा."

"देवीचं चित्र कापतीस, हात झडतील तुझं!"

"हात मालकाचं हायत. त्यास्नी सांग. पुढचा."

एका म्हाताऱ्यानं तिथेच डोकं आपटून घेतलं. एका पोरसवद्या सुतारानं टेबल उलथं केलं. तिनं वाटी पुन्हा भरून आणली आणि त्याच्याच चित्रापासून सुरुवात केली. तिला हे आवडत होतं असं लोक म्हणत. खरं असावं. शहापूरहून आलेली, कुणी न विचारणारी बाई एका ओल्या बोटानं माणसांना घरी पाठवत होती. काही संच तिनं खरेही ठरवले, मशीनंही गेली. पण गावाला आठवणीत राहिली ती कात्रीच.

शालूबाई त्याच वखारीत तंबाखू चाळायची. वय वीस-बावीस. नवरा बेळगावच्या पलटणीतून लढाईवर, समुद्रापलीकडे बसऱ्याला गेला होता आणि तिकडून काही कळलं नव्हतं. तंबाखूची धूळ तिच्या छातीत बसली होती. खोकला सुरू झाला की ती चाळण खाली ठेवून भिंतीला धरायची. वैद्यानं सांगितलं होतं, ही धूळ सोड, नाहीतर पुढचा पावसाळा बघणार नाहीस. पण धूळ सोडून खायचं काय? तिला शिवण येत होतं. हातशिलाईची झबली, कुंच्या ती करायची, पण त्यावर एक वेळही निघत नसे. मशीन मिळालं तर ती घरात बसून जगली असती. एवढं साधं होतं ते, आणि सगळ्यांना माहीत होतं.

एके दिवशी तिनं चाळण बाजूला ठेवली, हात धुतले आणि रांगेत उभी राहिली. पाळी आली तशी तिनं पदरातून फडक्याची पुरचुंडी काढली.

"कुठनं आणलीस?" गुणाबाईनं विचारलं.

"आईची हायत. ती तपकीर लावायची दाताला. तिच्या पुड्यांतली समदी."

"आई कुठं हाय?"

"गेली, गेल्या साली."

"बरंय. मेलेल्या माणसाला इचारता येत न्हाय."

रांगेतून कुणीतरी म्हणालं, "तोंडात किडं पडतील हिच्या." गुणाबाई चित्रं मांडत होती. ज्योतिबाच्या घोड्याखाली निळी सावली होती. यल्लम्माचा हिरवा गवताचा. अंबाबाई कोरडी राहिली. एकेक चित्र ती डावीकडे ठेवत गेली तशी रांग पुढे सरकून टेबलाभोवती गोळा झाली. अकरा डावीकडे गेली. शालूबाईचा खोकला दाबून धरलेला होता, डोळ्यांत पाणी आलं होतं.

मायाक्काचं चित्र कडेनं पिवळं पडलं होतं. निपाणीत काय पिवळं पडत नाही? भिंती, पदर, माणसांचे दात, सगळ्याला तंबाखूचा रंग. गुणाबाईनं त्याकडे लक्ष दिलं नाही. बोट ओलं करून तिनं मायाक्काच्या लुगड्यावरून फिरवलं आणि वर धरलं.

बोट लाल होतं.

"मागनं छापलेली."

"न्हाय आक्का, न्हाय. लढाईच्या आधीपासनं आमच्या देवाऱ्यात हाय ती. आमची कुळाची देवी हाय. माझ्या डोळ्यांदेखत आईनं ठिवली."

"माझ्या बोटाला आई न्हाय."

"पुन्यांदा बघा. पाया पडते."

गुणाबाईनं पुन्हा बोट फिरवलं. पुन्हा लाल. तिनं कात्री उचलली. शालूबाईनं हात पुढे केला, पण तोवर कोपरा टेबलावर पडला होता.

आता खोकला सुटला. मग शालूबाई भिंतीला धरून म्हणाली, "तुझं बोट झडंल गं, गुणे."

"झडलं तर दुसरं हाय. पुढचा."

त्या संध्याकाळी गुणाबाईनं आमटीसाठी चिंच भिजत घातली. बोट राखेनं धुतलं होतं, पण आज लाल निघण्याऐवजी काळपट झाला होता. शाई चिवट असेल म्हणून तिनं सोडून दिलं. मग चिंच कोळायला हात घातला, आणि वर काढला तेव्हा नखाच्या कडेचा लाल पिवळा झाला होता.

तिनं बोट दिव्याजवळ धरलं. शाई चिंचेनं पिवळी होत नाही. हळद होते. हळदीचं सूत चुनखडीच्या पाण्यात लाल होतं आणि आंबटात परत पिवळं, हे शहापुरात तिनं कितीदा पाहिलं होतं. हळद आणि चुना म्हणजे कुंकू. त्या देवाऱ्यात शालूबाईच्या आईनं रोज मायाक्काला कुंकू लावलं असणार. आई गेल्यावर शालूबाईनं लावलं असणार, बसऱ्याला गेलेल्या माणसासाठी. आणताना फडक्यानं पुसलं असेल, पण वर्षांचं कुंकू कागदात मुरलं होतं. कडेचा पिवळाही तंबाखूचा नव्हता.

तिला ते सुचलं नव्हतं. नवरा गेल्यापासून तिच्या घरात कुंकवाचा करंडा उघडला गेला नव्हता. हळदीकुंकवाला तिला कुणी बोलवत नसे. देवळातही तिच्या वाट्याला अंगारा यायचा. लाल म्हणजे तिच्या लेखी आता फक्त शाई होती.

तिनं आमटी केली, भात खाल्ला, भांडी घासली. दुसऱ्या दिवशी बोट घासून टेबलाशी जाऊन बसली आणि कुणाला काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. शालूबाई परत चाळणीवर होती. सोप्यातून ती दिसत नसे, पण खोकला ऐकू यायचा. गुणाबाई चित्रावर बोट ठेवायची आणि पलीकडून तो सुरू व्हायचा, मग थांबायचा, मग वाटायचं संपला, आणि परत. एकदा तिनं एकाच माणसाचं एकच चित्र तीनदा तपासलं. तो घाबरून म्हणाला, "बाई, खरं हाय का खोटं, येकदाचं सांगा की!"

त्या दुपारी ती पायगोंडाआण्णांपुढे जाऊन उभी राहिली.

"आण्णा, त्या शालीचं चित्र खरं हाय. आधीचं."

"मग कापलंस कशाला?"

"चुकलं."

आण्णांनी दोन्ही हात हलवले. "बेड, बेड." घाईला आले की ते कानडीत जायचे. "नगं ते काढू नगंस. येक चूक भाईर गेली की कापलेला परत्येक माणूस माझ्या दारात. तू चुकत न्हाईस म्हणून तुला तितं बसवलीया."

"ती खोकती तितं. माझं ध्यान लागत न्हाय."

"मग काढतो तिला वखारीतनं."

"काढलं तर खाईल काय ती? मशीनच द्यावं लागंल."

आण्णांनी हिशेबाची वही मिटली. "तुला कधीपासनं पुळका आला तिचा?"

"पुळका कसला? मला तिचा आवाज नगं."

"जा, कामाला लाग. आणि ह्ये तोंडातनं काढलंस तर ती खुर्ची गेली म्हणून समज."

ती गेली आणि खुर्चीत बसली. रांगेतली दोन माणसं तपासली. मग उठून चाळणीच्या बाजूला तोंड करून ओरडली, "शाले! चित्र आण तुझं."

शालूबाई धुळीतून बाहेर आली. "आणि काय कापायचं ऱ्हायलंय?"

"आण म्हणती न्हवं."

ती घरी जाऊन येईपर्यंत गुणाबाईनं समोरच्या वाण्याकडून चिंच आणवली आणि पाण्याच्या वाटीत कोळली. रांग बघत होती. शालूबाईनं कोपरा नसलेली मायाक्का टेबलावर आपटली. गुणाबाईनं चिंचेचं बोट लुगड्यावरून फिरवलं. जिथे फिरलं तिथे लाल पिवळा होऊन सुटला. कापडानं टिपल्यावर खालचा दुसरा लाल दिसू लागला, गडद, जसाच्या तसा. त्यावर तिनं साधं पाणी घासलं. बोट कोरडं आलं.

"आधीची हाय," ती म्हणाली. "संच पुरा."

कुणालाच लगेच काही कळलं नाही. मग गुणाबाई शालूबाईवर घसरली. "तपकिरीच्या पुडीतला कागद त्यो. त्याला रोज कुंकू फासतीस, आणि बोट झडंल म्हणून मला शाप देतीस. आधी सांगायचं न्हाय?"

"तू इचारलंस?"

"डोकं न्हाय तुला?"

"तुला हाय न्हवं? तू कापलंस."

मागून एक बाई म्हणाली, "म्हंजी चुकतीस तू." तेवढंच, पण तेच वाक्य रांगेच्या शेवटापर्यंत गेलं. म्हंजी चुकती ती. माणसं पळत घरी गेली. संध्याकाळपर्यंत कोपरे कापलेल्या मायाक्का घेऊन अर्धं गाव सोप्यात होतं, प्रत्येकाच्या हातात चिंच. टेबल, भिंती, माणसांचे सदरे, सगळं चिंचेनं बरबटलं. काहींच्या चित्रांवर कुंकू होतं, ते पिवळं झालं, निघालं, पण खालचा लालही बोटाला येत राहिला. गुणाबाई एकेक तपासून सांगत होती, "मागनं छापलेली. ही बी मागनं." कुणी ऐकत नव्हतं. "शालीशी संगनमत हाय हिचं," एक म्हणाला. दुसरा म्हणाला, "वाटीत कायतरी घातलंय." शेवटी कुणीतरी ती वाटीच तिच्या तोंडावर मारली. ती डोळे पुसून परत बोट पुढे करत होती तेव्हा आण्णांनी टेबल उचलायला सांगितलं.

सगळ्या गावादेखत संच खरा ठरला होता, त्यामुळे आण्णांना मागे फिरता येईना. मशीन फळीवरून उतरलं आणि बैलगाडीतून शालूबाईच्या दारात गेलं. त्याच दिवशी बक्षिसाची योजना बंद झाली, पुड्यांत नुसती चित्रं तेवढी येत राहिली. गुणाबाईला त्यांनी टेबलावरून काढलं आणि वखारीतूनही. ज्यांची चित्रं कापली गेली होती त्यांना ती जन्माची चोर वाटली, आणि दुसऱ्या वखारवाल्यांना मालकाचं गुपित बाजारात आणणारी बाई नको होती. तिच्या उंबऱ्यावर तंबाखूचं पाणी ओतलेलं असायचं. ती ते धुवायची आणि घरात बसून विड्या वळायची. बोट घासायचं तिनं सोडून दिलं.

शालूबाईचं घर गल्लीच्या दुसऱ्या टोकाला होतं. सकाळी मशीन सुरू व्हायचं ते दिवे लागेपर्यंत. तिचा खोकला दोन पावसाळ्यांत कमी झाला. बसऱ्याहून कुणी आलं नाही. गावातल्या पोरांची झबली, नवऱ्यांचे सदरे, पुढे शाळेचे कपडे, सगळं तिच्या हातून जाऊ लागलं. तिनं गुणाबाईचे आभार मानले नाहीत, आणि मानावेत असं गुणाबाईच्या मनातही आलं नसावं. गिऱ्हाईक आलं की शालूबाई ती गोष्ट सांगायची. "कात्रीनं माझी देवी कापली, पण देवीनं तिला भरल्या बाजारात खरं बोलाया लावलं." ही गोष्ट वारा असला की गुणाबाईच्या खिडकीपर्यंत जायची. आतून आवाज यायचा, "देवीनं न्हाय, चिंचेनं!"

एवढंच त्यांचं बोलणं होतं. गल्लीत समोरासमोर आल्या तर एक भिंतीला लागायची.

बऱ्याच वर्षांनी बेळगावचे एक निवृत्त पोस्टमास्तर निपाणीला आले. त्यांना जुन्या काड्यापेट्यांचे छाप आणि पुड्यांमधली चित्रं जमवायचा नाद होता. देवस्थानांची चित्रं त्यांनी वहीत चिकटवली होती आणि त्यातली कुठली कुठल्या छपाईची हे त्यांना हवं होतं. कुणीतरी गुणाबाईचं घर दाखवलं. विडी वळता वळता तिनं वहीवर नजर टाकली. "ह्या आधीच्या. ह्या लढाईतल्या. ह्या लढाई संपल्यावरच्या."

"ह्या तिसऱ्या कशावरून?"

"दगड चिरलाय. अंबाबाईच्या कोपराजवळ केसाएवढी रेघ दिसती का? आधीच्या दोनींत न्हाय ती."

"आणि बोट ओलं करून कसं ओळखता, ते शिकवाल का?"

"चिकटवलंय त्येच्यावर पाणी लावता? जावा तुमी."

पोस्टमास्तर तिथून शालूबाईकडे गेले. तिच्या देवाऱ्यात पहिल्या छपाईची मायाक्का होती. त्यांनी ती हातात घेतली, उजेडाला धरली, आणि कोपरा दिसताच हळहळले. "अरेरे. ही एवढीच राहिली असेल कदाचित. कोपरा असता तर मी मागाल ते दिलं असतं."

ते गेल्यावर शालूबाई गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालत आली, जिथे ती कधी येत नसे. दारातूनच ओरडली, "ऐकलंस का गं? येकच ऱ्हायलीया म्हणं साऱ्या मुलखात. आणि तीबी तू कापून ठिवलीस."

गुणाबाई सूप बाजूला न ठेवता म्हणाली, "इकणार व्हतीस व्हय कुळाची देवी?"

शालूबाईनं पदर खोचला. "न्हाय," म्हणाली, आणि तणतणत गेली.

आयुष्यभर गुणाबाईनं हातानं शिवलेल्या चोळ्या घातल्या. गल्लीत मशीन एकच होतं आणि तिकडे ती जाणार नव्हती. पण स्वातंत्र्याच्या आदल्या हिवाळ्यात तिच्या बोटांना सुई धरवेना. तेव्हा एके दुपारी ती शालूबाईच्या दारात गेली आणि कापड मशीनवर टाकलं.

"माप?" शालूबाईनं वर न बघता विचारलं.

"डोळं हायत की तुला."

कापड तसंच पडून राहिलं. दुसरी गिऱ्हाइकं आली, गेली, गुणाबाईचं कापड त्यांच्या घड्यांच्या ढिगात खाली जात राहिलं. मग ती अंथरुणाला खिळल्याचं कळलं. शालूबाईनं त्याच दिवशी चोळी शिवली आणि स्वतः घेऊन गेली.

खोलीत विड्यांचा वास होता. गुणाबाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. शालूबाईनं तिला उठवून बसवलं. अंगात काही उरलं नव्हतं, हात वर होत नव्हता. एक बाही तिनं चढवली, मग दुसरी, मग पुढची गाठ मारली. शालूबाई मागे सरकून शिवण बघत होती, जशी ती कुणाचीही बघायची.

गुणाबाई दुसऱ्या दिवशी पहाटे गेली. त्याआधी ती जे शेवटचं बोलली ते शालूबाईशीच. तिनं हात थोडा हलवून पाहिला, कपाळाला आठी घातली आणि म्हणाली, "बगलंत घट्ट केलीयास. उसव."